कळवायचं कोणाला

कप्तान आयुष्यात एकदाही जहाजावर चढले नव्हते. धक्क्यावर उभं राहून हेलकावणारं जहाज नुसतं बघितलं तरी त्यांना मळमळायचं. तरीही बंदरावरचे सगळे त्यांना कप्तानच म्हणत, कारण कुठला माल कुठल्या कंटेनरमध्ये, तो कंटेनर कुठल्या जहाजावर आणि ते जहाज आज कुठल्या समुद्रात, हे त्यांना कागद न बघता सांगता यायचं. लोकांचा माल समुद्रापार रवाना करायचा आणि तिकडून आलेला लोकांच्या दारात पोचवायचा, हा त्यांचा धंदा. त्यासाठी दिवसभर बोलावं लागे, आणि बोलायचा त्यांना कधी कंटाळा आला नाही.

अशा माणसाचे शब्दच जावेत, याला काय म्हणावं. दाढी करताना ब्रश हातातून गळून पडला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ते न्हाणीघराच्या दारातच खाली बसले. दवाखान्यात जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, तो व्यायामाने थोडाफार सुधारेल असं डॉक्टर म्हणाले. पण शब्द गेले. सगळेच गेले असते तर निदान घरच्यांनी खुणांवर भागवलं असतं. राहिले ते भलतेच राहिले.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी उशाशी बसलेल्या बायकोकडे बराच वेळ बघितलं. तिला ऑफिसातले लहानथोर सगळे वहिनी म्हणतात, आपणही वहिनीच म्हणू. वहिनींनी रुमालाने त्यांच्या तोंडाचा कोपरा पुसला. आता हे आपल्याला हाक मारणार, म्हणून त्या पुढे वाकल्या. कप्तानांनी ओठ जुळवले, पुन्हा उघडले, आणि अगदी स्पष्ट म्हणाले, "कट-ऑफ."

जहाज सुटण्यापूर्वी माल आत घ्यायची जी शेवटची वेळ असते, तिला कट-ऑफ म्हणतात. वहिनींना हे माहीत नव्हतं. मुलाने सांगितलं, आणि सांगता सांगताच तो बाहेर जाऊन ऑफिसला फोन लावून बसला, की आज कोणाचा माल वेळेत आत जायचा राहिला आहे का बघा. बाप मरणाच्या दारातून परत आलेला, आणि पोरगा गोदामाची चौकशी करतोय. धंदा एकदा घरात शिरला की असंच होतं.

डॉक्टरांनी मग नीट समजावलं. शब्दांच्या खोलीत पाणी शिरल्यासारखं झालंय, ते म्हणाले. खालच्या फळ्यांवरचं भिजलं, वरच्या फळीवर जे होतं ते तेवढं वाचलंय. हो आणि नाही यांचीसुद्धा अदलाबदल होईल, तेव्हा मान हलवली म्हणून भरवसा धरू नका. आणि काही झालं तरी त्यांना संताप येऊ देऊ नका, पुन्हा झटका आला तर आमच्या हातात काही राहणार नाही.

वहिनींनी सगळ्याला मान डोलावली, पण ती फळीची गोष्ट त्यांच्या मनाला लागली. धंदा वरच्या फळीवर होता आणि आपण, आपलं नाव, आपला इतक्या वर्षांचा संसार खालच्या फळीवर होता म्हणायचा. नवरा असा पडलेला असताना हे मनात यावं याची त्यांना लाज वाटली. तरी ते आलं, आणि दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून त्या रडल्या.

खरं म्हणजे त्या शब्दांशी त्यांचं पहिल्यापासून वाकडं होतं. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा जेवताना कप्तान आणि त्यांचे वडील ज्या भाषेत बोलत, त्यातलं त्यांना एक अक्षर कळेना. सगळे शब्द परके, आणि जोडीला आद्याक्षरांची खिचडी. शेवटी वहिनींनी कायदाच केला, की जेवणाच्या टेबलावर धंद्याचा शब्द निघाला तर वाढणं बंद. लेक बोलती होईपर्यंत कायदा कप्तानांनी पाळला. मोडला तो लेकीने. ती बापाच्या ऑफिसात रांगत मोठी झालेली. बाप आणि लेक ताटावर मान खाली घालून कुजबुजत बोलत, हसत, आणि वहिनींनी डोळे वटारले की दोघंही मूग गिळून बसत.

त्याच लेकीने पुढे ऑफिस निम्मं सांभाळलं. आणि धंदा कोणाच्या हाती द्यायचा अशी वेळ आली तेव्हा कप्तानांनी तो दिला मुलाला, ज्याला तो नकोच होता. मुलगा म्हणून दिला, दुसरं कारण नव्हतं. लेक म्हणाली, एवढंच असेल तर मी दुसरीकडे काम करेन. ती दुसऱ्या बंदरावरच्या, त्यांच्याशी स्पर्धा असलेल्या ऑफिसात गेली. कप्तानांनी त्या दिवशी घरातल्यांना समोर बसवून सांगितलं, "आजपासून तिचा विषय नको. मी मेलो तरी तिला कळवायचं नाही."

त्याला बरीच वर्षं झाली. वहिनी दुपारी कप्तान ऑफिसात असताना लेकीशी चोरून फोनवर बोलत. पण तिला कळवायचं नाही हे वाक्य त्यांच्या मानेवर बसलेलं होतं. कप्तान दवाखान्यातून घरी आल्यावर लेकीचा फोन आला. घरात सगळे बरे ना, तिने विचारलं. बरे आहेत, वहिनी म्हणाल्या. स्वतःला जप, ती म्हणाली. फोन ठेवल्यावर वहिनींनी आपलं ताट तसंच झाकून ठेवलं.

इकडे घरात रोज नवा गोंधळ. सकाळी दूध समोर ठेवलं की कप्तान डाव्या हाताने पेला ढकलत आणि म्हणत, "ट्रान्सशिपमेंट." मुलाचं धाबं दणाणे. माल वाटेतल्या बंदरावर एका जहाजातून दुसऱ्यात चढवतात त्याला तसं म्हणतात, आणि नेमका तिथेच माल अडकतो. तो धावत ऑफिसला जाई. एक दिवस वहिनी पेल्याकडे बघत बसल्या. दूध फार गरम होतं. त्यांनी ते दुसऱ्या पेल्यात ओतलं, परत पहिल्यात ओतलं, आणि कप्तान निमूटपणे प्यायले. त्यानंतर वहिनींनी मुलाला सकाळी खोलीत येऊच दिलं नाही.

मग "लॅशिंग" सुरू झालं. डेकवरचे कंटेनर हलू नयेत म्हणून साखळ्यांनी करकचून बांधतात, ते लॅशिंग. मुलाने दोन माणसं यार्डात पाठवून बांधलेल्या मालाच्या साखळ्या पुन्हा तपासून घेतल्या. इकडे कप्तानांच्या पायातला मोजा घसरून टाचेखाली गोळा झाला होता. वहिनींनी तो वर ओढला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. पण मुलाला तरी किती बोल लावायचा. त्याच्यासाठी त्या शब्दांना एकच अर्थ होता, आणि बाप आजारपणातही आपली चूक दाखवतोय असंच त्या बिचाऱ्याला वाटत होतं.

एकदा व्यायाम करवणारी मुलगी कप्तानांचा लुळा हात उचलून वरखाली करत होती. कप्तानांनी त्या हाताकडे, दुसऱ्या कोणाचा असावा तसं बघितलं आणि म्हणाले, "शॉर्ट लँडेड." वहिनींनी मुलाला विचारलं. तो म्हणाला, जहाजात चढवला त्यापेक्षा माल कमी उतरला की तसं म्हणतात. मग ज्याचा माल असतो तो कागदावर तक्रारीचा शेरा मारतो, आणि मगच सही करून उरलेला घेतो. सांगून झाल्यावर तो लगेच फोनकडे वळला. वहिनींनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि म्हणाल्या, बस जरा बापाजवळ. तो बसला. दोघं बापलेक त्या हाताकडे बघत राहिले.

असं करत करत वहिनींना थोडं थोडं उमजू लागलं होतं. आणि तेवढ्यात तो शब्द आला, ज्याने सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं.

"नोटिफाय," कप्तान म्हणाले. सूप पुढे केलं, नोटिफाय. उशी सरळ केली, नोटिफाय. पाणी, खिडकी, चादर, मोजा, वहिनींनी एकेक करून सगळं दाखवलं. ते मान हलवत, पण हो म्हणून की नाही म्हणून, कोणाला कळणार. डावी मूठ पलंगाच्या कडेवर आपटत. "पार्टी. नोटिफाय पार्टी." मग मुठीतला जोर संपे आणि ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सूप घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी दूधही नाही. डॉक्टर येऊन गेले आणि म्हणाले, पोटात अन्न गेलं नाही तर पुन्हा दवाखान्यात न्यावं लागेल, आणि या वेळी मी काही सांगू शकत नाही.

मुलाने ऑफिस डोक्यावर घेतलं. कोणाचा तरी माल आलाय आणि त्याला कळवायचं राहिलंय, असा त्याने अर्थ लावला. ऑफिसातल्या झाडून सगळ्यांना फोनवर बसवलं. ज्यांचा माल आला होता त्यांना तुमचा माल आला म्हणून पुन्हा पुन्हा कळवण्यात आलं. ज्यांनी तो नेऊन विकूनही टाकला होता त्यांनाही कळवण्यात आलं. एक व्यापारी चिडून म्हणाला, अहो, माझ्या बायकोला मुलगा झाला तेव्हासुद्धा मला एवढ्या वेळा कोणी कळवलं नव्हतं. मुलगा संध्याकाळी घरी येऊन बापाला सांगे, बाबा, सगळ्यांना कळवलं, एकही राहिला नाही. कप्तान भिंतीकडे बघत राहत.

वहिनींना आता काही म्हणजे काही सुचेना. एवढ्या वर्षांचा सहवास, या माणसाच्या खोकल्यावरून त्याला राग आलाय की भूक लागलीय हे त्या ओळखत. आणि आज तो एका शब्दासाठी जीव द्यायला निघालाय आणि आपण अडाण्यासारखं बघत बसलोय. शेजारणीला कप्तानांजवळ बसवून त्या निघाल्या आणि थेट ऑफिसात गेल्या. लग्नापासून कामासाठी म्हणून त्या ऑफिसात कधी गेल्याच नव्हत्या.

ऑफिस बंदराच्या गेटसमोर, पहिल्या मजल्यावर. जिना चढला की आधी शिक्क्याचं टेबल. शिक्का म्हणजे तिथला सगळ्यात जुना माणूस, कप्तानांच्या बरोबरीचा. आलेल्या मालाचे कागद तपासून त्यांच्यावर ठप्पा मारायचं काम त्याच्याकडे, म्हणून हे नाव पडलेलं. विचारलं तेवढंच बोलायचं ही त्याची ख्याती. आजूबाजूला सगळे फोनवर ओरडत होते. वहिनी त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी विचारलं, नोटिफाय पार्टी म्हणजे काय.

शिक्क्याने चष्मा काढला. मालाला एक पाठवणारा असतो, तो म्हणाला, आणि एक घेणारा. याशिवाय एक तिसरं नाव लिहितात. माल बंदराला लागला की ज्याला आधी कळवायचं, तो नोटिफाय पार्टी.

"म्हणजे माल त्याचा?"

"असेलच असं नाही वहिनी. हक्क असो नसो. त्याला कळवायचं एवढंच."

"आणि नाही कळवलं तर?"

शिक्क्याने ठप्पा उचलला, बघितला आणि पुन्हा ठेवला. "तर माल धक्क्यावर पडून राहतो. आलाय हेच कोणाला माहीत नसतं, तर पुढे येणार कोण. नुसता पडून राहतो, खराब होईपर्यंत."

फोनवरच्या सगळ्या आवाजांतून वहिनींना कप्तानांचा जुना, धडधाकट आवाज ऐकू आला. मी मेलो तरी तिला कळवायचं नाही. जग उलटंपालटं केलं, ज्याला त्याला कळवलं, आणि सगळ्या जगात जिला कळवलं नाही अशी एकच होती.

पण हे खरं कशावरून? दूध आणि मोजा यांत चुकलं असतं तरी बिघडत नव्हतं. इथे चुकलं तर? ज्या लेकीचं नाव काढलं की त्यांच्या कपाळावरची शीर उठायची, तिला समोर उभी केली आणि त्यांच्या मनात भलतंच काही असलं तर? संताप येऊ देऊ नका, डॉक्टर म्हणाले होते. विचारून बघायचीही सोय नाही, त्यांच्या हो-नाहीचा पत्ता नाही. आपल्यालाच लेक हवी आहे, म्हणून तर आपण या शब्दात ती शोधत नाही ना, हेही वहिनींच्या मनात येऊन गेलं. आणि ते खोटं नव्हतं. त्यांना लेक हवीच होती.

शिक्का त्यांच्याकडे बघत होता. त्याने टेबलावरचा फोन उचलला आणि त्यांच्यापुढे सरकवला.

पहिल्याच घंटेला लेकीने उचलला. वहिनींना सुरुवात कशी करावी ते कळेना. शेवटी त्या म्हणाल्या, "तुला कळवायला फोन केलाय. बाबा आजारी आहेत."

"माहीत आहे आई," लेक म्हणाली. "गेटसमोरच्या लॉजमध्ये आहे मी. चौथा दिवस आज."

वहिनींनी शिक्क्याकडे बघितलं. शिक्का खिडकीबाहेर बघू लागला. "कळवू नका असं कप्तानांनी घरच्यांना सांगितलं होतं," तो पुटपुटला. "मला नव्हतं सांगितलं."

"मग घरी का नाही आलीस?" वहिनी फोनमध्ये म्हणाल्या. त्यांना राग आला होता, लेकीचा, नवऱ्याचा, स्वतःचा, कोणाचा ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

"कशी येऊ? तुला विचारलं, तू म्हणालीस सगळे बरे आहेत. घरून कळवल्याशिवाय मी कोणत्या तोंडाने दारात उभी राहू?"

वहिनी खुर्चीतून उठल्या. लवकर ये, एवढंच त्या म्हणाल्या.

घराचा जिना चढताना वहिनी पुढे होत्या आणि लेक मागे. तोवर घरी परतलेला मुलगा दारात आला, बहिणीला बघून बाजूला झाला, आणि तिच्या हातातली पिशवी त्याने काढून घेतली. खोलीत कप्तान भिंतीकडे तोंड करून पडले होते. पलंगाजवळ जाऊन वहिनी म्हणाल्या, "अहो, कळवलं."

कप्तान हळूच वळले. लेक दारात उभी होती. केस थोडे पिकलेले, डोळे सुजलेले. कप्तानांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. कपाळावरची ती शीर उठली. "नाही," ते म्हणाले. "नाही. नाही. नाही."

संपलं, वहिनींना वाटलं, आपण घात केला. लेकीने एक पाऊल मागे घेतलं. येते मी, ती अगदी हळू म्हणाली आणि वळली.

कप्तानांनी डाव्या मुठीने पलंगावर असा घाव घातला की बाजूचा पेला खाली पडला. लेक थांबली. त्यांनी डाव्या हाताने आपला लुळा उजवा हात मनगटाशी धरला, मोठ्या कष्टाने वर उचलला आणि तिच्यापुढे धरला. तोंडाच्या वाकड्या कोपऱ्यातून पाणी गळत होतं, डोळ्यांतूनही.

"शॉर्ट लँडेड," ते म्हणाले.

लेक परत आली. पलंगाच्या कडेवर बसली आणि तिने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "असू दे बाबा," ती म्हणाली. "उतरलाय तेवढा घेते. शेरा न मारता."

अर्थासाठी वहिनींनी मुलाकडे बघितलं नाही, की कोणाला काही विचारलं नाही. त्यांनी खाली पडलेला पेला उचलला आणि सूप गरम करायला त्या आत गेल्या. बाहेर ती दोघं पुन्हा त्या परक्या भाषेत बोलू लागली होती, तो एक शब्द, ती दोन. वहिनींनी ट्रेवर तीन वाट्या ठेवल्या, मग मुलासाठी चौथी ठेवली.